वेरापर्यंत न पोचलेलं वाक्य

माझे यजमान गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याशी मी जन्मभर सगळं बोलले, हे एक सोडून. मुलांना ठाऊक नाही, बहिणीला ठाऊक नाही. तुम्हाला तरी सांगावं का, हे अजून ठरत नाही — पण सुरुवात तर केली आहे.

आम्ही भिलाईला आलो तेव्हा कारखाना उभा राहत होता. यजमान भंडाऱ्याकडचे, शेतकरी घरातले. मी नागपूरला मॅट्रिक झालेली. रशियन साहेबांबरोबर काम करायचं म्हणून यजमान संध्याकाळी रशियनच्या वर्गाला जायचे. त्यांची वही मी घरी उघडून बसायची, आणि त्यांच्याआधी माझंच पाठ व्हायचं. ते कोणीतरी वर सांगितलं, आणि मला काम मिळालं — नव्या आलेल्या रशियन बायकांना बाजार, दूधवाला, मोलकरीण समजावून द्यायचं. क्वार्टरांच्या लायनीत एकदम माझा मान वाढला. तो मला आवडला. फार आवडला — हे आधीच सांगून ठेवते.

वेरा एका इंजिनिअरची बायको, माझ्याच वयाची. आल्या आल्या तिनं काकडी समजून कारलं कापलं, तोंडात टाकलं, आणि माझ्याकडे बघत राहिली — मीच फसवल्यासारखी. पाल दिसली की खुर्चीवर चढायची. मे महिन्यात खिडकीला ओली चादर लावायची, हे मी शिकवलं. ताक मात्र तिनं पहिल्याच घोटात ओळखलं. आमच्याकडेही असंच असतं, म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. हळूहळू ती रुळली. एकटी भाजी आणायला लागली, दहा-वीस हिंदी शब्द बोलायला लागली. मला कौतुक वाटायला हवं होतं. वाटलं का? थोडं वाटलं. जास्त करून वाटलं की आता हिला माझी गरज कमी पडणार.

तिच्याकडे बिसाहिन कामाला होती, जवळच्या खेड्यातली. नवरा कारखान्याच्या बांधकामावर चुना-मातीचा गारा वाहायचा; तिथेच झोपडीत राहायचे, सहा वर्षांची पोर होती, सुकवारो. बिसाहिनला छत्तीसगढी यायची, वेराला रशियन. हातवाऱ्यांनी दोघींचं चालायचं, हसत हसत. अडलं की मी. मी सांगीन तेच वेराचं बोलणं, आणि मी सांगीन तेच बिसाहिनचं — तपासून बघणारं तिसरं कोणी नव्हतं.

संक्रांतीला मी हळदीकुंकू ठेवलं. सगळ्या लायनीला सांगून ठेवलं की रशियन मॅडम येणार आहे. खुर्च्या मागून आणल्या. शेजारच्या कमलाबाईंनी खुर्ची देतादेता विचारलं, "खरंच येऊन राहिली का वं ते बाई तुह्या घरी? का उगीच सांगून राहिली?"

ते मला लागलं. एवढंसं बोलणं — पण लागलं.

दुपारी वेराला आणायला गेले. तिला साडी नेसायची हौस होती. मी तिच्या निऱ्या घालत होते, दातांत पिना धरून, आणि मागच्या दारात बिसाहिन आली. पळत आली होती.

"बाई, मोर नोनी के आँखी म चूना पर गे हे."

जिथे चुना विझवतात त्या खड्ड्याशी पोर खेळत होती. चुना उडाला, डोळ्यात गेला. डोळा उघडत नव्हती, ओरडत होती. मोठ्या दवाखान्याची बिसाहिनला धास्ती — तिचं कोणी तिकडे गेलेलं परत आलं नव्हतं. विश्वास एका मॅडमवर. मॅडमला सांग, म्हणाली, तिच्या डॉक्टरला दाखवायला सांग.

वेरानं मला विचारलं, काय म्हणते?

मला माहीत होतं — पक्कं माहीत होतं — की कळलं तर वेरा अर्धी साडी तशीच सोडून धावेल. तिचा स्वभावच तो. आणि माझ्या घरी मांडलेल्या खुर्च्या, दारात उभ्या कमलाबाई...

मी तोंडातल्या पिना काढल्या आणि रशियनमध्ये सांगितलं, "तिला काही दिवस गावी जायचं आहे. सुट्टी मागते."

वेरा हसली. जा, जा, असा हात केला. डब्यातून मूठभर खाऊच्या गोळ्या काढून पोरीसाठी म्हणून बिसाहिनच्या हातावर ठेवल्या. बिसाहिन गोळ्यांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. आता तिला काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हणाले, "इनका डॉक्टर सिर्फ इनके लोगों को देखता है. मैडम नहीं ले जा सकती."

आणि वेरा शेजारी उभी राहून हसत होती.

बिसाहिननं गोळ्या पदरात बांधल्या. हात जोडले, आणि गेली.

मी निऱ्या पुन्हा घातल्या. एकही निरी वाकडी गेली नाही. इतक्या वर्षांनी मी हादरते ती यानंच — एकही निरी वाकडी गेली नाही. वेरा घरी आली, सगळ्या बायका बघत राहिल्या, कमलाबाईंनी कुंकू लावलं तेव्हा ती उगीचच खाली वाकली, आम्ही हसलो. त्या संध्याकाळी मला ती पोर एकदाही आठवली नाही. एकदाही. असं माणूस असतं? मी होते.

दुसऱ्या दिवशी आठवली. झोपडी मला ठाऊक होती. रिक्षा करून पोरीला दुर्गला नेता आलं असतं. पाण्यानं धुतलं असेल, बरं झालं असेल, असं मनाशी म्हटलं, आणि डाळ शिजायला लावली.

महिन्याभरानं बिसाहिन माझ्या दारात उभी होती, पोरीचा हात धरून. सुकवारोच्या डाव्या डोळ्यात काळं उरलंच नव्हतं. सगळा पांढरा. गावी बैगाकडे, तिकडच्या मांत्रिकाकडे, नेलं होतं. त्यानं मंत्र घातला, कसल्याशा पाल्याचा रस पिळला. मी दाराची कडी घट्ट धरली. पोर माझ्याकडे मान तिरकी करून बघत होती — तिला तसंच बघावं लागत होतं.

बिसाहिन दुसरीकडे काम मागायला आली होती. मॅडमकडे जाणार नाही, म्हणाली. रागानं नाही म्हणाली. नुसतं म्हणाली, "मैडम हाँसत रिहिस, बाई."

तेव्हा तरी बोलता आलं असतं. मी तिला एका बंगाली कुटुंबात काम लावून दिलं.

वेरा विचारत राहिली. बिसाहिन का येत नाही? माझं काही चुकलं का? तिला घराजवळ काम मिळालं, असं मी सांगितलं. हे तिसरं खोटं अगदी सहज निघालं. वेरा आपल्या देशात परत गेली तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, कुसुम नसती तर मी इथे मुकी-बहिरी राहिले असते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यजमानांनीही.

पुढे पुष्कळ वर्षांनी दुर्गच्या बाजारात एक तरुण बाई माझ्यासमोर येऊन थांबली, कडेवर मूल. डोळ्यावरून मी ओळखलं. तिनं मला कसं ओळखलं, कोण जाणे. बिसाहिन तेव्हा जिवंत नव्हती. मागून येणाऱ्या नवऱ्याला तिनं हाक मारली.

"एही बाई हे. दाई बतात रिहिस — मोर बर मैडम ला अब्बड़ बिनती करे रिहिस."

हीच ती बाई. माझ्यासाठी हिनं मॅडमची खूप विनवणी केली होती, आई सांगायची. — बिसाहिननं पोरीला हे सांगितलं होतं. इतकी वर्षं, माझं नाव घेऊन.

भर बाजारात, मूल सावरत, ती माझ्या पाया पडायला वाकली.

मी पाय मागे घेतले नाहीत.