दारावरची पितळी पाटी
पितळी पाटीला चिंच चोळली की जर्मनीतलं भाड्याचं घर आठवतं आणि डोकं तापतं. लेकीचं बारसं होतं. देवगाव रंगारीहून आई व्हिडिओवर पाळणा म्हणणार होती. मोबाइलवर चित्र गोठायचं, म्हणून इंटरनेटसाठी फोनची लाइन मागितली. मी रजा काढून घरात बसलो आणि लाइनवाला 'या नावाचं इथं कुणी राहत नाही' असं कंपनीला कळवून परस्पर निघून गेला. जर्मनीला निघण्याआधी क्रांती चौकात हौसेनं बनवून घेतलेली माझ्या नावाची पाटी दारावर लखलखत होती. मराठीत होती, एवढंच. बेल वाजवायला काय हात दुखत होते? "एवढं मोठं लिव्हलंय, त्याला दिसलं नाय व्हय?" आईही भडकली. शेवटी तिनं साध्या फोनवरच पाळणा म्हटला आणि मध्येच थांबून विचारलं, "हलवताय ना रं?" आम्ही मायदेशी परतलो, ती पाटी आता इथल्या दारावर आहे. घासताना हात अजून जरा जोरातच चालतो.