वाघमारे सिस्टरांचा काळा-पांढरा फोटो

वाघमारे सिस्टर पेशंटची विचारपूस करायच्या आधी त्याला रागवायच्या. "गोळ्या घेतल्या का? न्हाई? मग माझ्याकडं कशाला आलास, जा की त्या पानटपरीवाल्याकडं!" असं म्हणत ड्रेसिंग मात्र इतक्या हलक्या हातानं करायच्या, की तोंड एकीचं आणि हात दुसरीचे वाटावेत.

नांदेडच्या आमच्या हॉस्पिटलात जाहिरातींचं काम माझ्याकडे होतं. सिस्टरांच्या तक्रारी वाढल्या तसे मोठे डॉक्टर वैतागले. "महिनाभरात बाई गोड बोलायला शिकल्या तर ठीक, नाहीतर वॉर्ड काढून घेतो. बसतील चादरी सांभाळत." सिस्टरांचा सगळा जीव वॉर्डात. हे कळल्यावर त्या दिवसभर जेवल्या नाहीत; पण गोडही बोलल्या नाहीत.

त्याच सुमारास जाहिरातींत विकतचे फोटो वापरणं बंद करायचं ठरलं. आमच्या फ्लेक्सवर निळ्या डोळ्यांची एक गोरी डॉक्टरीण होती, आणि भोकरची एक म्हातारी 'मला त्याच बाईला दाखवा' म्हणून अडून बसली होती. आता फोटोत आपलीच माणसं हवी होती. निदान त्यामुळे तरी वॉर्ड वाचेल म्हणून मी सिस्टरांना पुढे केलं. फोटोग्राफर म्हणाला, "जरा हसा."

"दात दाखवायला मी काय मंजन इकून राहिले का?"

फोटो गंभीरच आला. पुण्याच्या डिझायनरला तो भलताच आवडला. त्यानं तो काळा-पांढरा केला, खाली नाव आणि 'रुग्णसेवेला वाहिलेलं आयुष्य' अशी ओळ टाकली आणि परस्पर छापायला धाडला. आमच्याकडे चौकात हसरा रंगीत फोटो म्हणजे वाढदिवस आणि गंभीर काळा-पांढरा म्हणजे श्रद्धांजली, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

फ्लेक्स नायगावच्या चौकात लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑटो भरभरून माणसं हॉस्पिटलात आली. बाया हंबरडा फोडत होत्या. एक म्हातारा मोठ्या डॉक्टरांच्याच गळ्यात पडून सांगत होता, "लई बोलायची साहेब, पण माझा पाय तिनंच वाचिवला!"

तेवढ्यात वॉर्डातून आवाज आला, "कोण मेलंय? पेशंट झोपलेत, गप बसा!"

सगळ्यांनी तो आवाज ओळखला. मग आणखीच मोठ्यानं रडू लागले.

मोठ्या डॉक्टरांनी चादरींचा विषय पुन्हा काढला नाही. मला फार बरं वाटलं. संध्याकाळी सिस्टर माझ्या टेबलापाशी आल्या, तेव्हा मी शिव्या खायच्या तयारीनं उभा राहिलो.

"तो फ्लेक्स फेकू नका, सर. मला आणून द्या," त्या म्हणाल्या. "खरंच जाईन तवा पोरायला नवा करायचं काम न्हाई. आन् माणसं येतेत का न्हाई, ते तर आजच बघून झालं."