बोटीचा मुरब्बा

भाऊ बरणी कधी नुसती हातात देत नसत. आधी ती खांद्यावरच्या पंच्याने पुसायची, मग दुकानाच्या दारात येऊन उन्हासमोर धरायची. काचेतून लाल-जांभळा उजेड त्यांच्या मनगटावर उतरला की समाधानाने म्हणायचे, "बोटीतून आलं हाये हे. आपून समुद्र नाई पाह्यला, पन येनं पाह्यला."

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी इंग्रजी शिकवायला बुलढाण्यात आलो होतो आणि माझी खोली भाऊंच्या दुकानासमोर होती. दुकान तुम्ही कुठेही पाहिलं असेल तसंच, गूळ, शेंगदाणे, चहा, काडेपेट्या. फक्त मागच्या भिंतीला एक काचेचं कपाट होतं आणि त्यात परदेशी फळांच्या मुरब्ब्याच्या बरण्या. जॅम, जेली, मार्मालेड, सगळ्याला भाऊ मुरब्बाच म्हणत. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून माल मलकापूरपर्यंत रेल्वेने यायचा आणि मग राजूरचा घाट चढून मोटारीने वर. भुशात भरलेल्या खोक्यात दोन-तीन बरण्या फुटलेल्याच असायच्या. भाऊ त्या पेटीभोवती माहेरवाशीण आल्यासारखे वावरायचे.

हे वेड त्यांना लढाईच्या काळात लागलं. देवळालीच्या छावणीत ते गोऱ्या साहेबांच्या जेवणघरात वाढप्याचं काम करत होते. तिथे त्यांनी आलुबुखाराचा मुरब्बा पहिल्यांदा चाखला. त्याची चव ते अशी सांगायचे की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. आधी आंबट, मग गोड, आणि सगळ्यात शेवटी जिभेच्या मागे एक कडवट धागा. तो धागा नसेल तर तो मुरब्बा नव्हे, असं त्यांचं मत होतं.

आणि गंमत बघा, या माणसाला स्वतःचा माल खाता येत नव्हता. मधुमेह झाला होता. डॉक्टरांनी गोड बंद केलं त्या दिवसापासून भाऊंनी बोट म्हणून बरणीत बुडवलं नाही. त्यांना इंग्रजीही वाचता येत नव्हतं. त्यामुळे नवी पेटी आली की मला हाक यायची. मी लेबल वाचायचं, मग पोळीच्या तुकड्यावर चमचाभर मुरब्बा घेऊन खायचा. भाऊ समोर डोळे मिटून बसत.

"कसं लागून राह्यलं, सांगा. घाई नका करू."

मी सांगायचो. धाग्यापर्यंत आलो की त्यांची मान हलायची. माझ्या जिभेने तो माणूस जेवायचा, असं म्हटलं तरी चालेल.

गिऱ्हाईक थोडंच होतं. बदलून आलेले अधिकारी, एक निवृत्त मुख्याध्यापिका, विषमज्वरातून उठलेली माणसं. एकदा देऊळघाटचा एक शेतकरी आला. त्याच्या लेकीला दिवस गेले होते आणि तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. भाऊंनी बरणी दिली, भाकरीला नको, पोळीला लावा म्हणून बजावलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीने स्वतःच देऊळघाटला जाऊन पोरीने खाल्लं का ते विचारून आले. देऊळघाट त्यांचंच गाव, पण ते गेले होते मुरब्ब्याची चौकशी करायला.

मग परदेशी मालावर बंधनं आली. मुंबईच्या व्यापाऱ्याने हात वर केले. कपाट रिकामं होत गेलं तसे भाऊ उतरत गेले. मला राहवलं नाही. माझा मेहुणा मुंबईत गोदीजवळ काम करायचा, त्याला मी पत्र टाकलं. त्याने कळवलं की बोटीवरचा माल ओळखीने मिळतो, मी पाठवतो. भाऊंनी माझे दोन्ही हात धरले. "मास्तर, तुमचा मानूस म्हन्जे माहाच मानूस."

पहिली पेटी आली. लेबल वाचताना माझं बोट थांबलं. फळाच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. साहेबांच्या देशात छापलेल्या कागदावर अशी चूक होत नाही. मग मी खाल्लं. साखर, लाल रंग, कसलंसं अत्तर आणि खाली पपई. कडवट धाग्याचा पत्ता नव्हता.

भाऊ डोळे मिटून बसले होते.

"तसंच आहे, भाऊ," मी म्हणालो.

का म्हणालो? बायकोचा एकुलता एक भाऊ. त्याचं नाव मीच पुढे केलेलं. शिवाय समोरच्या चेहऱ्यावरचा तो आनंद. अशी तीन-चार कारणं मी तेव्हा जुळवली, आजही जुळवतो. मेहुण्याला मी रागाने पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, तिकडे आलुबुखार पाहिलाय कुणी? मी ते पत्र फाडलं. त्यानंतर येईल त्या पेटीतला मुरब्बा मी खायचो, आणि तो धागासुद्धा वर्णन करून सांगायचो. खोटं सांगायला मला भाऊंचेच शब्द उपयोगी पडत होते.

एका दुपारी एका मोठ्या अधिकाऱ्यांच्या पत्नी दुकानात आल्या. मी तिथेच वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. त्यांनी उघडलेली बरणी फळीवर ठेवली आणि पुडीतून एक काळी, सुरकुतलेली बी काढून दाखवली. शांतपणे म्हणाल्या की ही पपईची आहे, आम्हाला फसवलंत तुम्ही.

भाऊ हसलेच. "बाई, असं कसं होईन? आमचे मास्तर एकेक पेटी चाखते."

बाई माझ्याकडे बघू लागल्या. मी वर्तमानपत्राची घडी घालू लागलो. भाऊंनी ते पाहिलं आणि चमचा घेतला. मी म्हणालो, भाऊ, नका, तुम्हाला चालत नाही. त्यांनी ऐकलं नाही. इतक्या वर्षांनी त्यांनी मुरब्बा तोंडात घातला आणि डोळे मिटले. बराच वेळ जीभ आत फिरत होती. ते शोधत होते.

डोळे उघडले ते बाईंकडे न बघता माझ्याकडे बघत.

"तुमाले मालूम होतं," ते म्हणाले.

तो प्रश्न नव्हता. मी मान खाली घातली. भाऊ बाईंकडे वळले, हात जोडले. "चूक माही हाये, बाई. माल म्या आनला."

बस. मेहुण्याचं नाव नाही, माझं नाव नाही. बाजारात बोभाटा झाला की याने लोकांना पपई खाऊ घातली. शाळेत शिक्षकांच्या खोलीतही लोक तेच बोलत होते आणि मी तिथे बसून ऐकत होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी चहा घेतला आणि तासाला गेलो.

भाऊंनी घरोघर जाऊन बरण्या परत आणल्या. दुकानामागे खड्डा करून सगळा मुरब्बा पुरला, बरण्या राखेने घासल्या आणि आळीतल्या बायकांना लोणच्यासाठी वाटल्या. माझ्या घरीही एक आली, बायकोच्या हाती. मी घरात होतो. भाऊंनी मला हाक मारली नाही. पुढे महिन्याभरात दुकान बंद करून ते देऊळघाटला शेतीवर गेले.

मी गेलो त्यांच्याकडे, पण वर्ष लावलं. त्यांनी बाज टाकली, पाणी दिलं, सुनेला चहा सांगितला. पावसाचं, ज्वारीचं, नातवाच्या शाळेचं बोलले. मी दोनदा घसा साफ केला. तिसऱ्यांदा सुरुवात केली, "भाऊ, त्या वेळी मी..."

"राहू द्या, मास्तर," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "मोटार निंघून जाईन तुमची."

फाट्यापर्यंत ते मला पोचवायला आले. पिशवीत हरभऱ्याचे ओले घाटे भरून दिले, मुलांसाठी. मोटार आली. मी चढून खिडकीशी जागा धरली आणि हात हलवायला बाहेर वाकलो. मोटार अजून सुटली नव्हती. भाऊ मात्र वळून बांधावरून निघाले होते, पंचा खांद्यावर, चाल नेहमीचीच. मोटार हलेपर्यंत ते तुरीच्या पलीकडे दिसेनासे झाले.