माकडांच्या पिंजऱ्यातला प्रयोग

आमच्या शेजारी विज्ञानाचे एक मास्तर राहत. त्यांना जिथेतिथे सापळेच दिसायचे. घटपर्णीत माशी अडकते, खडकाखाली तेल अडकतं, दरीत थंड हवा अडकते. "आत जाणं सोपं हवं, बस!" असं म्हणून ते बोटांची चिमूट मिटत.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास उसातली माकडं धरायला मी पिंजरा आणला. केळी टांगायला आत शिरलो आणि दार मागे खाडकन पडलं. त्याच दुपारी मला बघायला मुलीचे वडील सें पिएर गावाहून येणार होते!

माझ्या हाका ऐकून मास्तर धावले. त्यांनी दार उचललं, मी रांगत निघालो, तोच पाहुणे वाटेवर दिसले. मास्तरांनी मला बाजूला ढकललं, स्वतः आत शिरले आणि दार पाडलं.

"अयो! कि पे आरिवे? हे काय चाललंय?" पाहुण्यांनी विचारलं.

"प्रयोग, मामा! हा बिचारा माझ्या मदतीला आलाय. दार उचला जरा."

पाहुण्यांनी हसत दार उचललं. लग्न ठरलं.

सासरे अजून बजावतात, "त्या येड्या मास्तराच्या नादी लागू नको हां!"

मी मान डोलावतो. कुंपणापलीकडून मास्तर आपली चिमूट हळूच उघडून दाखवतात.