शंखाच्या बांगड्यांचं माप

मन्सारामभाऊ क्वार्टरला कुलूप लावायचे, ते दोनदा ओढून बघायचे आणि मग बंद दाराकडे तोंड करून म्हणायचे, "येतो जी." आत कोणी नसायचं. ते एकटेच राहत होते. माझं क्वार्टर त्यांच्या भिंतीला भिंत लावून होतं, त्यामुळे मी हे रोज ऐकायचो, आणि सुरुवातीला रोज हसायचो.

एकदा न राहवून विचारलंच, "भाऊ, कोणाला सांगता?"

"घराले."

"घर ऐकतं होय?"

"मानूस आत नसला म्हनून का घराले न सांगता निघाचं, बाबू? सांगूनशान निघालं का वापस याले रस्ता रायते."

तेव्हा भिलाई म्हणजे निम्मी वस्ती आणि निम्मा चिखल होता. पोलादाच्या कारखान्याच्या चिमण्या एकामागून एक उभ्या राहत होत्या, रस्त्याकडेला लावलेली झाडं गुडघ्याएवढी होती, आणि रात्री भट्टीतली तापलेली मळी ओतली की आभाळ लालभडक व्हायचं. मी नागपूरहून ड्रॉइंग ऑफिसात कारकून म्हणून आलो होतो. मन्सारामभाऊ साकोलीकडचे. प्लँटमध्ये खलाशी होते, म्हणजे लोखंडाचे अवजड तुकडे दोरखंड बांधून वर चढवणाऱ्या टोळीत. हात असे की तारेचा दोर मुठीत धरून, डोळे मिटून त्याची जाडी सांगायचे. त्यांचं एक पालुपद होतं, ते कशालाही लावायचे. भाजीवाल्याशी घासाघीस असो, की माझ्या लग्नाची बोलणी असोत: "आंधी वजन पाहाव, मंग दोर बांधाव."

क्वार्टर त्यांना कुटुंबासाठी म्हणून मिळालं होतं. पण कुटुंब काही येत नव्हतं. "बुढा वावर सोडत नाई अन् घरची बुढ्याले सोडत नाई," एवढंच ते सांगत. बुढा म्हणजे वडील. गावी धानाची थोडी जमीन होती, म्हातारा अंथरुणाला खिळलेला, मूलबाळ नाही, आणि सगळा गाडा बायको एकटी ओढत होती. भाऊ सुट्टी मिळाली की गावी पळत, आणि दरवेळी एकटेच परत येत. तरी त्यांनी घर मांडून ठेवलं होतं. मागच्या अंगणात हातानं चूल घातली होती, कारण बायकोला कोळशाची शेगडी जमायची नाही. म्हाताऱ्यासाठी एक बाज विणून ठेवली होती. त्या बाजेवर त्यांनी कधी कोणाला बसू दिलं नाही. स्वतः खाली सतरंजीवर झोपायचे. दारातल्या तुळशीला मात्र रोज पाणी घालायचे आणि मला म्हणायचे, "हे बाईचं काम हाय, बाबू. पन बाई येवस्तोवर हे जगाले पायजे."

समोर एक बंगाली कुटुंब राहायचं. त्यातल्या वहिनींना सगळे बौदी म्हणायचे. त्यांच्या हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या होत्या. भाऊंनी एकदा त्याबद्दल विचारलं, तर त्या म्हणाल्या, "भैया, ये पहनकर औरत अपने आदमी के घर आती है." बौदी सहज बोलून गेल्या असतील. भाऊंच्या मनात मात्र ते पक्कं बसलं.

त्या हिवाळ्यात, बड्या दिवसाच्या, म्हणजे नाताळच्या सुट्टीला जोडून रजा काढायची आणि कलकत्ता बघायचं, असं आम्ही तिघांनी ठरवलं. मी, ऑफिसातला मोघे आणि अमरावतीचा कडू. भाऊ तुळशीपाशी उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "मले बी घ्या."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. रजा मिळाली की गावी जाणारा माणूस हा, आणि कलकत्त्याला?

"कावून, भाऊ? ट्राम पाहाची आहे का?" कडूनं चिडवलं.

"बांगड्या घ्याच्या हायेत," भाऊ म्हणाले आणि लाजले. "तशा बांगड्या तिथंच भेटते म्हने. संक्रांतीले घेऊन जाईन. या टायमाले आनतोच घरी."

त्यांनी निघताना दाराला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. "येतो जी," म्हणाले, आणि वर, "चांगलं काम हाय," असंही सांगितलं.

दुर्गला हावड्याची गाडी पकडली. थंडी कडाक्याची, डब्यात आमची पत्त्यांची बैठक. भाऊ खिडकीशी बसून सगळ्यांना भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढत होते. कलकत्त्यात उतरलो आणि मोघ्यानं आमचा ताबा घेतला. प्राणिसंग्रहालय झालं, ट्राम झाली, संगमरवरी महाल झाला. मोघ्याला सगळंच ठाऊक असायचं, निदान तो तसं बोलायचा. भाऊ मागे मागे चालायचे. हावडा पुलाखाली मात्र ते थांबले ते हलेचनात. मान वर करून म्हणाले, "एवढं लोखंड चढवलं ज्याइनं, त्याइच्या घरचे कुठी रायत असतीन?" मोघ्यानं चहाचा विषय काढला.

खरं सांगतो, मलाही त्या शहरात करमलं नाही. एवढी माणसं, एवढी रोषणाई, सोबत मित्र, आणि तरी आपण कोणाचेच नाही असं वाटायचं. मोघे आणि कडू सजवलेली दुकानं बघायला निघाले, तेव्हा मी भाऊंबरोबर शंखवाल्यांच्या गल्लीत गेलो.

अरुंद गल्ली होती. दोन्ही बाजूंना कारागीर बसून करवतीनं शंख कापत होते, आणि पांढरी भुकटी सगळ्यांच्या भुवयांवर बसली होती. भाऊंनी एका म्हाताऱ्यापुढे बैठक मारली. बौदींकडून शिकून आलेलं सगळं सांगितलं: पांढऱ्या दोन, बरोबर लाल दोन, नक्षी साधी. म्हातारा खूश झाला. म्हणाला, "माप बोलो."

भाऊंनी अंगठा आणि बोट जुळवून एक गोल केला. "एवढा."

म्हाताऱ्यानं तेवढी बांगडी शोधायला हात घातला, तोवर भाऊंनी गोल लहान केला. "नाई, एवढा." मग पुन्हा मोठा केला. म्हातारा थांबला. हिंदीत समजावू लागला, शंख काचेसारखा नाही, एकदा कापला की कापला, मोठा झाला तर ओघळेल, लहान झाला तर चढणार नाही. भाऊ ऐकत होते की नाही कोण जाणे. बोटांच्या त्या गोलाकडेच बघत होते. गोल लहान होत होता, मोठा होत होता. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"बाबू," ते हळूच म्हणाले, "मले तिचं मनगट आठवून नाई राहिलं."

मी म्हटलं, "अंदाजानं घ्या."

"लग्नात हात धरला होता. तवा भरला हात होता. मंग मी कामासाठी हिंडूनच राहिलो, पहिले धरनावर, मंग इथं." ते थांबले. "दोराची जाडी सांगतो मी. डोरे मिटून सांगतो."

म्हाताऱ्यानं आपणच एक जोड काढला, आणि "बहू लोग यही पहनती हैं" म्हणून कागदात बांधून दिला. लॉजवर कडूनं तो बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पांढऱ्या? आपल्याकडे हिरव्या घालतात, भाऊ. गावात बायका नावं ठेवतील."

"ठेवू दे नावं," भाऊ म्हणाले. "इथं आल्यावर कोन नाव ठेवते?" परतीच्या गाडीत तो पुडा त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवला होता आणि सारखा चाचपून बघत होते.

संक्रांतीला ते गावी गेले. मी आणि बौदींनी मिळून त्यांचं क्वार्टर झाडून ठेवलं. बौदींनी उंबऱ्यात रांगोळीही काढली, त्यांच्या पद्धतीची, तांदळाच्या पिठाची. भाऊ परत आले ते एकटेच. रांगोळीला पाय लागू नये म्हणून ती ओलांडून आत गेले.

मी संध्याकाळी तिळगूळ घेऊन गेलो. ते चुलीपुढे बसले होते, चूल न पेटवता.

"बांगड्या आवडल्या नाहीत का?"

"आवडल्या ना. लगेच घातल्या." "दुसऱ्या दिवशी धानाची टोपली उचलासाठी हात वर केला तिनं. बांगडी घसरली, बाबू. कोपरापर्यंत गेली."

मी तिळगूळ हातातच धरून उभा.

"मी पायतच राहिलो. तं म्हने, रावू द्या, बसन कवातरी." त्यांनी तोंड फिरवलं. "मी तिले चाल म्हनालोच नाई. कोन्या तोंडानं म्हनू? आंधी वजन पाहाव, मंग दोर बांधाव, हे साऱ्याइले सांगत होतो. अन् घरचं सारं वजन तिच्यावर टाकून मी इथं चूल मांडून बसलो."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. पक्की नोकरी! जिच्यासाठी कारखान्याबाहेरच्या खुर्सीपार वस्तीतल्या झोपड्यांतून माणसं वर्ष वर्ष ताटकळत होती, ती नोकरी. साहेबांनी बोलावून समजावलं. मोघ्यानं तर हिशेबच मांडून दाखवला, की म्हातारा आज ना उद्या जाईल, तेवढे दिवस कळ काढा. भाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "खरं हाय तुमचं. पन थो जाईस्तोवर तिचं काय रायते?" मोघ्यानं हिशेबाचा कागद घडी करून खिशात घातला.

निघायच्या सकाळी दाट धुकं होतं. तुळस बौदींकडे दिली. बाज घडी होईना, म्हणून दोर सोडून तिचे पाय आणि आडवे दांडे वेगळे बांधले, आणि ते ओझं खांद्यावर घेतलं. किल्ली ऑफिसात जमा करायला माझ्याकडे दिली. कुलूप दोनदा ओढून बघितलं. मी सवयीनं "येतो जी" ऐकायला उभा होतो.

भाऊंनी दाराला हात लावला, तो कपाळाला लावला आणि म्हणाले, "जातो."

निघताना आपल्यात कोणी असं म्हणत नाही. मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "येतो, बाबू."

ते धुक्यात दिसेनासे झाले. मी किल्ली हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. भिलाईत मी पुढे सगळा जन्म काढला, पण त्या सकाळीइतकं एकटं मला इथे कधीच वाटलं नाही.

ते काही आले नाहीत. बौदींना मात्र एका साकोलीकडच्या मजुरानं निरोप सांगितला होता, आणि बौदींनी तो धावत येऊन मला सांगितला. मन्सारामच्या बाईनं सांगायला लावलंय, की बांगड्या आता मनगटावर थांबतात.