शकुनचं फ्रेंच

संत्रं सोललं की मला नागपुरातल्या शाळेतला, चौथीतला फ्रेंचचा तास आठवतो. बाईंनी संत्रं उंच धरून फ्रेंचमध्ये विचारलं, "हे काय आहे?" उत्तर आठवडाभर घोकलं होतं, तरी एकटीनं उठून बोलायला कोणी तयार नव्हतं.

उठली ती सावनेरहून आलेली शकुन. 'मले, तुले' म्हणते म्हणून मुली तिला इतक्या हसायच्या, की तिनं वर्गात बोलणंच सोडलं होतं. तिनं अख्खं वाक्य खणखणीत आवाजात म्हटलं. तेव्हा मला तिच्या उच्चारांचं नवल वाटलं होतं, आता तिच्या उठून उभं राहण्याचं वाटतं.

मधल्या सुट्टीत मी तिला विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"काहून भिऊ वं? हे तर तुलेबी येत नाही."