क्रेन थरथरते, अशी तक्रार

माझे साडू उंचावरचे माणूस. अंगानं नव्हे, अंगानं ते माझ्या खांद्याला लागतात. पण टॉवर क्रेन चालवायला बसायचे ते जमिनीपासून सत्तर मीटरवर, काचेच्या केबिनमध्ये, आणि तिथून त्यांना खालची माणसं मुंग्यांएवढी दिसायची. त्या मुंग्यांतला एक मी, त्याच क्रेनचा मेकॅनिक. वीस वर्षांत आपल्या हुकावरून वीटसुद्धा पडली नाही, हे ते दर रविवारी न चुकता ऐकवायचे. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई, लगेच म्हणायच्या, "घरात मात्र आठवड्याला एक कप फोडतात."

क्रेनवाल्याचे शत्रू दोन, डुलकी आणि लघवी. दुपारी काचेतून ऊन आलं की डोळे मिटायला लागतात. त्यावर चहा प्यावा, तर थोड्या वेळानं अडीचशे पायऱ्यांची शिडी उतरून खाली यावं लागतं. साडूंनी यावर अक्कल चालवली. कॉफीची पूड साखरेत कालवून ते कोरडीच खायचे, चमचा चमचा, आणि त्यावर एनर्जी ड्रिंकचा छोटा डबा. आधी दिवसाला एक, मग दोन, मग चार. "पाणी कमी, दम जास्त," म्हणायचे. ताईंनी टोकलं तर उत्तर तयार, "हे औषध आहे, व्यसन नाही." व्यसन असलेली माणसं हेच म्हणतात, पण थोरल्या साडूला शहाणपण शिकवणार कोण?

एका मंगळवारी वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला, "मिस्त्री, मशीन थरथरतंय. वर ये."

मी चढलो. बोल्ट पाहिले, मोटर पाहिली, गिअर पाहिले. सगळं ठणठणीत. बुधवारी पुन्हा तीच तक्रार, पुन्हा मी वर. शुक्रवारी तिसऱ्यांदा चढलो, तेव्हा माझे गुडघे साडूंच्या नावानं बोटं मोडत होते.

त्या दिवशी वारा पडलेला होता आणि हुक रिकामा होता. मी केबिनमध्ये खाली पाण्याचा पेला ठेवला. पाण्यावर साधी सुरकुतीही नाही.

"बघा, हलतंय का?"

"पाण्याला काय कळतं? वीस वर्षं बसलोय या खुर्चीत. आत्तासुद्धा धडधडतंय."

मी त्यांना उठवलं आणि स्वतः बसलो. खुर्ची गप्प. साडू दाराला धरून उभे, कपाळावर घाम, आणि तरी म्हणतात, "अजून थरथरतंय." मग मी उठलो आणि सरळ त्यांच्या छातीवर हात ठेवला. आत दोन ठोके पडले, तिसरा गायब, मग चार एकदम, बस सुटल्यासारखे घाईत.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "बिघाड सापडला."

डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला आणि दिवसाला काय काय घेता ते विचारलं. साडू म्हणाले, कधीमधी एखादा डबा. ताईंनी त्यांची कामाची पिशवी टेबलावर उपडी केली. नऊ रिकामे डबे आणि कॉफीची बरणी. डॉक्टरीणबाईंनी डबे एकेक करून मोजले. मग म्हणाल्या, "एवढं कॅफीन रोज पोटात गेलं की रक्तदाब चढतो, ठोके चुकायला लागतात. चक्कर येते. कधी त्याहून वाईट होतं. हे डबे आजपासून बंद, कॉफीही बंद. तीन आठवडे वर चढायचं नाही. मग पुन्हा तपासू, आणि तेव्हा ठरवू."

साडू जमिनीवर आले. पहिले चार दिवस डोकं एवढं दुखलं की घरात भांडं आपटायची चोरी. त्यांच्या खुर्चीत दुसरा ऑपरेटर बसला, आणि हे खाली बाकावर बसून त्याच्या चुका मोजायला लागले. मला काय, आयतीच संधी. "दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला," मी म्हणालो. "तीनदा बिचाऱ्या मशीनचे बोल्ट आवळले मी."

ते हसले नाहीत.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "त्या सोमवारी दोन टन सळया हुकाला होत्या. एकदम डोळ्यांपुढे अंधार आला. किती वेळ, देव जाणे. पुन्हा दिसायला लागलं तेव्हा माझा हात क्रेन हलवायच्या दांड्यावर नव्हता. हात सुटला की दांडा आपोआप मधे येतो, म्हणून सळया थांबल्या. पण अधांतरी थांबल्या त्या एका माणसाच्या डोक्यावर."

"आणि हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"मशीन बिघडलं तर दुरुस्त करतात. मी बिघडलो तर मला कायमचं उतरवतील. दुसऱ्या दिवशी छाती पुन्हा धडधडली, म्हटलं मशीनच असू दे."

मला राग आला, खरंच आला. थोरले असोत नाहीतर धाकटे, एखाद्याच्या घरचा माणूस गेला असता.

"कोण होतं खाली?" मी विचारलं.

साडूंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"तू," ते म्हणाले. "वर बघून मला हात करत होतास."